श्रीलंकेत कासवांसाठी स्वयंसेवा: पैसे भरण्याआधी हे वाचा

निकाल आधी सांगते. निवृत्तीनंतर परदेशात जाऊन काही काम करावे असे मनात असेल तर जरूर जा. पण दलालामार्फत डॉलरमध्ये ‘प्रोग्रॅम फी’ भरून श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या कासव हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्ले सोडण्याच्या जागी, जाऊ नका. मी आणि माझ्या वन्सं जाऊन आलो. मी गुहागर तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवत होते, वन्सं प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झाल्या. दोघींनी साठी ओलांडली आहे आणि हंगामात पहाटे कासवांची घरटी राखणाऱ्या कासवमित्रांबरोबर किनाऱ्यावर फिरायची दोघींना सवय आहे. एप्रिल म्हणजे आंबा उतरवायचे दिवस, तरी ह्यांनी बाग आणि घर सांभाळले म्हणून निघता आले.

श्रीलंका निवडली ती बागेश्री नावाच्या कासवामुळे. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या दोन माद्यांच्या, गुहा आणि बागेश्रीच्या, पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवले होते. गुहा लक्षद्वीपकडे गेली. बागेश्री मात्र दक्षिणेला जात राहिली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. तिचा नकाशा आम्ही रोज बघायचो. पुढे २०२५ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी अंडी घालायला थेट गुहागरला आली. आपली कासवे तिकडे जातात, तिकडची इकडे येतात, मग आपणही तिकडच्या किनाऱ्यावर थोडे दिवस राबावे, असे आम्हाला वाटले. ते वाटणे चूक नव्हते. चूक होते ते आम्हाला विकलेले काम.

पैशाचे सविस्तर लिहिते, कारण हे कुठेच नीट लिहिलेले सापडत नाही. दलालाचा दर माणशी आठवड्याला ४०० डॉलर. त्यात राहणे, जेवण, विमानतळावरून नेणे-आणणे, ‘प्रशिक्षण’ आणि ‘संवर्धन निधी’. दोघींचे आठवड्याचे ८०० डॉलर म्हणजे आपले जवळजवळ सत्तर हजार रुपये. आम्ही त्याच किनाऱ्यावरच्या कोसगोड गावाजवळ एका घरात राहिलो. घरमालकीण साधी, प्रेमळ बाई. तिला आम्हा दोघींचे मिळून दिवसाला साडेतीन हजार श्रीलंकन रुपये मिळत होते. आपल्या एका रुपयाला त्यांचे साडेतीनच्या आसपास पडतात, म्हणजे आपले हजार. आठवड्याचे सात हजार. आमच्या पैशातला दहावा हिस्सा! हॅचरीच्या मालकाला विचारले, तर तो म्हणाला की दलाल माणसे पाठवतो, निधीबिधी काही येत नाही, आमचे पोट तिकिटांवर. उरलेल्या नऊ हिश्शांचा हिशेब मी दलालाकडे लेखी मागितला. उत्तर आले नाही. कोणी म्हणेल की परदेशवारी इतकी पडायचीच. नाही पडत. तेच घर, त्याच बाईचे जेवण, थेट ठरवले असते तर दहाव्या हिश्शात झाले असते.

आता त्या हॅचरीतले काम. आपल्याकडे कासवमित्र उजाडायच्या आत किनारा चालतो, मादीचा माग बघून घरटे शोधतो आणि अंडी लगेच हलवतो. हलवताना ती उलटीपालटी होऊ देत नाही, कारण अंडे घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूला चिकटतो आणि नंतर अंडे फिरले तर तो मरतो. जाळीच्या आत मूळ घरट्याइतकाच खोल खड्डा करून अंडी पुरायची, वर तारीख आणि संख्येची पाटी लावायची. साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्ले वर आली की घरट्यावर पालथ्या घातलेल्या टोपलीखालून काढून त्याच सकाळी नाहीतर संध्याकाळी वाळूवर सोडायची, पाण्यापर्यंत त्यांची ती जातात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन हेच केले आणि पुढे आंजर्ले, गावखडी, वायंगणी अशा गावांतून ते रुजले.

कोसगोडच्या हॅचरीत अंडी सायकलवरून, प्लास्टिकच्या पिशवीत, भर दुपारी यायची. विकत घेतलेली. कोणत्या किनाऱ्यावरची, किती वाजता घातलेली, कसलीही नोंद नाही. पिल्ले बाहेर आली की सिमेंटच्या टाकीत. दोन दिवस, तीन दिवस, गिऱ्हाईक येईपर्यंत. नवे पिल्लू अंड्यातला उरलेला बलक पोटात घेऊन निघते, आणि पहिल्या दिवसभरात त्या जोरावर न थांबता पोहत किनाऱ्यापासून लांब जाते. मासे आणि पक्षी सगळ्यात जास्त असतात त्या उथळ पाण्यातून सुटायचा त्याचा तेवढा एकच उपाय. टाकीत ते तो जोर भिंतींवर आपटून संपवते. मग संध्याकाळी पर्यटक पैसे देतात, पिल्लू तळहातावर घेऊन फोटो काढतात, आणि दमलेले पिल्लू समुद्रात जाते. आमचे काम काय, तर टाक्या घासणे, पाणी बदलणे आणि पर्यटकांच्या हातात पिल्ले देणे. मोठ्या टाक्यांत जाळ्यात सापडून पाय गेलेली कासवे होती, त्यांना ठेवणे मी समजू शकते. पण एक धडधाकट हिरवे कासवही होते, जेमतेम वळता येईल एवढ्या टाकीत. वन्संनी त्याच्या मानेवरचे पांढरे चट्टे पहिल्याच दिवशी पाहिले आणि बुरशी म्हणून सांगितले. औषध लावले गेले नाही. पिल्ले हातात द्यायला आम्ही दुसऱ्या दिवशी नकार दिला. त्यावर दलालाचा फोन आला की तुम्ही ‘टीममध्ये बसत नाही’.

मालकाचे म्हणणे असे, की मी विकत घेतली नाहीत तर लोक अंडी खातील. हे खोटे नाही. पण श्रीलंकेच्या कायद्यात कासव किंवा त्याचे अंडे जवळ बाळगणेच गुन्हा आहे, आणि अंड्याला भाव दिला की अंडी खणणारे वाढतात. विज्ञान शिकवलेल्या माणसाला मालकाचे म्हणणे पटणे कठीण आहे.

वन्संना ‘ग्रामीण आरोग्य शिबिरात काम’ कबूल केले होते. तसले शिबिर नव्हतेच, आणि असण्याची गरजही नव्हती. तिथली सरकारी आरोग्यसेवा मोफत आहे, दवाखाने चालू असतात, देश २०१६ पासून मलेरियामुक्त आहे. वन्सं जवळच्या सरकारी केंद्रात सहज डोकावल्या तर तिथल्या नर्सने त्यांना लसीकरणाची नोंदवही दाखवली. बाहेर येऊन म्हणाल्या, ‘‘ह्यांना आपण काय शिकवणार गो, आपणच शिकून जाऊया.’’ डेंग्यू मात्र आहे. मच्छरदाणी आणि अंगाला लावायचे मलम न्या.

व्हिसाबद्दल. दलालाने पैसे घेतल्यावर सांगितले की पर्यटक व्हिसाच काढा, इमिग्रेशनवर विचारले तर फिरायला आलो म्हणा. खोटे बोलायला शिकवणाऱ्या माणसाकडून त्याच क्षणी पैसे परत मागा. पर्यटक व्हिसा कामासाठी नसतो, काम बिनपगारी असले तरी. खऱ्या संस्थेला कोणते कागद लागतात ते ठाऊक असते आणि ती स्वतः पत्र देते. आम्हाला विमानतळावर कोणी काही विचारले नाही, म्हणून हा सल्ला सैल होत नाही.

प्रवास सोपा आहे. मुंबईहून कोलंबो अडीच तासांच्या आसपास. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला आणि हा किनारा दक्षिणेला, त्यामुळे शहर ओलांडावेच लागते. कोलंबो फोर्टहून रेल्वेगाडी समुद्राच्या अगदी काठाने जाते, तिकीट स्वस्त. कोसगोडला फक्त धीम्या गाड्या थांबतात, जलद गाडी मिळाली तर अलुथगामाला उतरून बस घ्या. रिक्षावाल्याने ‘टू थाउजंड रुपीज’ म्हटले तर श्रीलंकन रुपये हे बसण्याआधी दोनदा वदवून घ्या. एकाने उतरताना आमच्याकडे भारतीय मागितले. वन्संनी दिले नाहीत. मोबाइलवर पिकमी हे ॲप घेतले की भाडे आधी दिसते. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय चालते, पण गावात रोखच लागते.

एप्रिलच्या १३-१४ तारखेला त्यांचे नवे वर्ष येते. त्याच्या मागेपुढे दुकाने बंद, बस तुरळक, आणि सगळा देश आपापल्या गावी निघालेला, गाड्यांत उभे राहायला जागा नाही. गणपतीत आपल्या गाड्यांची जी गत असते तीच. दलालाने याबद्दल अवाक्षर काढले नव्हते. औषधे, बिस्किटे, रोकड आधी घेऊन ठेवा, नाहीतर तो आठवडा टाळून जा.

गॉलचा किल्ला पाहिला, एक दिवस मजेत गेला.

मग ठरलेली मुदत अर्धवट सोडून आम्ही दक्षिण किनाऱ्यावरच्या रेकव्याला गेलो, आणि ह्या प्रवासाचे पैसे तिथे वसूल झाले. २०१९ पासून रेल्वे मातारच्या पुढे बेलिअत्तापर्यंत जाते. तिथून तंगल्ल जवळ, आणि तंगल्लच्या पुढे रेकवा. १९९० च्या दशकात टर्टल कॉन्झर्व्हेशन प्रोजेक्ट या संस्थेने इथे अंडी चोरणाऱ्या गावकऱ्यांनाच पगारावर घरट्यांचे राखणदार केले. अंडी हलवायची नाहीत, जिथे घातली तिथेच राखायची. आम्ही तिथे काम केले नाही, तिकीट काढून रात्रीच्या फेरीला गेलो. टाक्या घासण्यात गेले त्यापेक्षा कितीतरी जास्त त्या एका रात्रीत शिकलो.

किनारा उतरता आहे आणि वाळू घोट्यापर्यंत आत जाते. अंधारात, विजेरीशिवाय, बराच वेळ चालायचे आणि त्याहून जास्त वेळ न बोलता बसायचे. मऊ वाळूत चार-पाच किलोमीटर चालता येत नसेल तर जाऊ नका, मध्येच परत फिरता येत नाही. पायात पट्ट्याच्या सँडल, अंगावर गडद कपडे, विजेरी असेल तर लाल प्रकाशाची, फोन बंद. राखणदार आधी एकटा पुढे जातो, मादी अंडी घालू लागली की मगच हाक देतो, आणि जायचे ते मागच्या बाजूने. मध्यरात्रीनंतर हाक आली. हिरवे कासव, मीटरभर पाठीचे, आपल्या रिडलेच्या दुपटीहून जड. अंडी घालून झाल्यावर मागचे पाय आळीपाळीने चालवत ते वाळू अलगद खड्ड्यात ओढून वरून दाबत होते. इतकी वर्षे घरटी मोजली, पण अंडी घालणारी मादी एवढ्या जवळून मी पहिल्यांदा पाहत होते. वन्संनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. परत येताना गुडघे बोलत होते, तरी त्याच रात्री पुन्हा चालायला लावले असते तर चालले असते. पुढच्या खेपेला दोन रात्री तिकडेच ठेवा, कासव पहिल्या रात्री येईलच असे नाही.

आता जे खरोखर जाणार आहेत त्यांच्यासाठी. पैसे भरण्याआधी संस्थेला लेखी विचारा: अंडी कुठून येतात, पिल्लू वर आल्यापासून किती तासांत समुद्रात जाते, पिल्ले पर्यटकांच्या हातात देता का, माझ्या पैशातले किती गावात राहतात, व्हिसाचे पत्र कोण देणार. एकाही प्रश्नावर गोलमोल उत्तर आले तर विषय संपला. अनाथाश्रमात ‘मुलांना प्रेम द्या’ म्हणणाऱ्या जाहिरातींकडे निवृत्त शिक्षकांनी वळूनही बघू नये. नेपाळ आणि कंबोडियात आईबाप असलेली मुले अशा आश्रमांत आणून ठेवल्याचे उघड झाले आहे, ती पाहुण्यांच्या पैशासाठीच. कौशल्य आणि अनुभव असेल तर युनायटेड नेशन्स व्हॉलंटिअर्सकडे नाव नोंदवा. नोंदणी फुकट आहे, आणि निवड झाली तर तेच निर्वाहभत्ता देतात. स्पर्धा आहे, पण दार खरे आहे.

आणि आपल्या किनाऱ्यावर एक अख्खा हंगाम काढल्याशिवाय परदेशात कासवांसाठी जाऊ नका. नोव्हेंबर ते मे, वेळास, आंजर्ले, गुहागर, जिथे जवळ पडेल तिथे कासवमित्रांना विचारून पहाटे चाला. पिशवीतली अंडी पाहताच आम्हाला कळले ते ह्या चालण्यामुळे. तिथल्या इतर स्वयंसेवकांना, वय कोवळे आणि मन चांगले असूनही, कळले नव्हते. आम्ही सांगितल्यावर त्यातल्या तिघींनी पिल्ले हाताळणे सोडले.

किरकोळ पण महत्त्वाचे: प्रवास विम्यात रक्तदाब, साखर, जुनी ऑपरेशने सगळे लिहा, लपवले तर दावा फेटाळतात. गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मुक्कामापेक्षा दहा दिवसांच्या जास्त. निवृत्तिवेतनधारकांनी नोव्हेंबर टाळा, हयातीचा दाखला द्यायचा असतो. परतीचे विमान संध्याकाळपर्यंत मुंबईत उतरणारे घ्या, म्हणजे रात्रीची कोकणकन्या मिळते आणि पहाटे चिपळूणला उतरून गुहागरची एसटी धरता येते. उशिराचे घेतलेत तर मुंबईत एक रात्र काढावी लागते, आणि तिथल्या हॉटेलचे भाडे रेकव्याच्या चार रात्रींपेक्षा जास्त पडते.