पाच जागा

२६ ऑक्टोबर, रविवार. एडिसन, न्यू जर्सी

फराळाचे डबे तळाला गेलेत. चकलीचे तुकडे खात लेकीच्या कॉलेजच्या अर्जाशी दोघी बसलोय. येत्या शनिवारी १ नोव्हेंबर, अर्ली ॲक्शनची (लवकर अर्ज, लवकर निर्णय) शेवटची तारीख. अडलंय ते ‘ऑनर्स’पाशी, म्हणजे मिळालेल्या बक्षीस-सन्मानांच्या रकान्यापाशी. कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) त्याला जागा पाचच, प्रत्येकी १०० अक्षरं, मधल्या स्पेससकट. आमची यादी अकराची. (खरं तर माझी.)

पहिली कात्री सातवीतल्या स्पेलिंग बीला. नववीच्या आधीचं धरायचं नाही म्हणे. पहाटे उठून शब्द घोकून घेतले ते मी! मग ऑनर रोल, म्हणजे चांगल्या ग्रेड्सवाल्यांची शाळेची यादी. “ग्रेड्स ट्रान्स्क्रिप्टवर दिसतातच ना, आई.” नॅशनल ऑनर सोसायटी (शाळेतल्या गुणी मुलांची संस्था) तिने ॲक्टिव्हिटीजमध्ये हलवली. तिथे दहा जागा आहेत, आणि ही तिथली खजिनदार, म्हणजे केलेलं काम लिहिता येतं. हे मला पटलं. तीन एपी परीक्षांवर (शाळेतच द्यायच्या, कॉलेजच्या पातळीच्या) मिळालेलं एपी स्कॉलर राहिलं, गणिताचं आणि वादविवादाचंही.

प्रत्येकापुढे पातळी निवडायची: शाळा, राज्य, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय. मंडळाच्या चित्रकला स्पर्धेचे परीक्षक झूमवर पुण्याहून होते, म्हणून म्हटलं, आंतरराष्ट्रीय कर. तिने नुसतं बघितलं माझ्याकडे. ती स्पर्धाच गेली.

सगळ्यात वर मात्र तिने लिहिलं, ‘सील ऑफ बायलिटरसीसाठी पात्र, मराठी’. म्हणजे दोन भाषा नीट लिहिता-बोलता येतात याची पावती. मराठी शाळेत जायचं म्हटलं की गाडीत रडायची ती हीच. गेल्या वर्षी लिहायची-बोलायची परीक्षा दिली, तीही मी मागे लागले म्हणून. आणि आज मला न विचारता पहिल्या ओळीत. मी काही बोलले नाही, चहा टाकायला उठले.

चार जागा भरल्या. पाचवीसाठी मी हळूच भिंतीकडे बोट दाखवलं. दहावीत असताना सोनेरी अक्षरांचं पत्र आलं होतं, देशातल्या गुणवंतांत निवड झाल्याचं. पैसे भरले, सर्टिफिकेट आलं, मी हौसेने फ्रेम केलं. “आई, ते पत्र अर्ध्या वर्गाला आलं होतं. विकत घेतलेलं ऑनर नसतं गं.” दोन वर्षं का बोलली नाहीस, विचारलं, तर म्हणे, तू किती खूश होतीस.

पाचवी जागा रिकामीच ठेवली तिने. मला ती बघवत नाहीये.

फ्रेम काढून कपाटात टाकली. पण कोल्हापूरला सासूबाईंनी त्याचाच फोटो मोठा करून देवघराशेजारी लावलाय, त्यांना कोण सांगणार?