फ्रॅटर्निटीचं घर, माजी सदस्य आणि एक यादी

मुलगा अमेरिकेतल्या कॉलेजात गेला, रश (फ्रॅटर्निटी म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटनेची नवे सदस्य निवडण्याची फेरी) झाला, बिड म्हणजे सदस्य होण्याचं आमंत्रण आलं, त्याने ते घेतलं, की घरचे विचारतात: हे घर कोणाचं आणि तिथे लक्ष कोण ठेवतं? प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच असतं: माजी सदस्य. घरात राहणारी मुलं चार वर्षांत बदलतात. पदाधिकारी तर दरवर्षी बदलतात. नोव्हेंबरच्या सुमारास निवडणूक होते, जानेवारीत नवा ट्रेझरर बसतो, आणि त्याचा हात बसतो न बसतो तोच पुढची निवडणूक येते. तळघरातला बॉयलर कधी बसवला, विम्याचा हप्ता एकदम का वाढला, शेजाऱ्यांशी पार्किंगचं काय ठरलं होतं, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. ते ठाऊक असतं पन्नाशी-साठीतल्या चार-पाच माणसांना, आणि ती तर दुसऱ्याच राज्यात राहत असतात. म्हणून एखादा चॅप्टर, म्हणजे फ्रॅटर्निटीची त्या कॉलेजातली शाखा, कसा आहे हे जोखायचं असेल तर मी पहिल्यांदा विचारेन की माजी सदस्यांची यादी कोणाकडे आहे आणि तिच्यात शेवटची दुरुस्ती कधी झाली.

चॅप्टर म्हटलं की लोक सगळं एकच समजतात, पण आत तीन वेगळ्या संस्था असतात. पहिली विद्यार्थ्यांची, म्हणजे खुद्द चॅप्टर. दुसरी राष्ट्रीय मुख्यालय, जे सनद देतं, विमा काढतं आणि गरज पडली तर सनद काढूनही घेतं. तिसरी हाऊस कॉर्पोरेशन, म्हणजे माजी सदस्यांनी नोंदवलेली कंपनी. इमारत तिच्या नावावर असते आणि ती चॅप्टरला किंवा मुलांना भाड्याने देते. विद्यापीठाची मान्यता या तिन्हींहून वेगळी. एका ठिकाणी बिघडलं की बाकीचे हादरतात, पण कोणाची जबाबदारी कुठे संपते हे कागदावर असावंच लागतं.

साचा जुना आहे. १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा कप्पा निघाली. पुढे ती गुणवत्तेची सोसायटी झाली, पण ग्रीक अक्षरं, गुप्तता आणि दुसऱ्या कॉलेजांत शाखा ही रीत तिने पाडली. आजच्या सोशल फ्रॅटर्निटीचं मूळ न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात, १८२५ आणि १८२७ सालांत आहे. १९०६ साली कॉर्नेलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा काढली. या परंपरेतल्या संघटनांकडून बाकीच्यांनी शिकण्यासारखं खूप आहे: तिथे पदवी मिळाली म्हणून सदस्य ‘माजी’ होत नाही. तो आपल्या शहरातल्या ग्रॅज्युएट चॅप्टरमध्ये जातो, तिथे वर्गणी भरतो, काम करतो आणि विद्यार्थ्यांच्या चॅप्टरचा सल्लागारही तिथूनच येतो. दक्षिण आशियाई मुलांच्या फ्रॅटर्निटी त्या मानाने कोवळ्या आहेत. बिंगहॅम्टनची आयोटा न्यू डेल्टा १९९४ची, ऑस्टिनची डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ची, यूसीएलएची बीटा काय थीटा १९९९ची. त्यांचे सर्वांत थोरले सदस्य आत्ता कुठे पन्नाशीत येत आहेत. पिढ्यांची ठेव त्यांच्यामागे नाही. त्यांना यादी पहिल्या नावापासून नीट ठेवता येईल, हा मात्र मोठा फायदा.

आता घराचा हिशेब. समजा ३२ बेडचं घर आहे आणि एका सेमिस्टरचं भाडं ४,००० डॉलर. घर भरलेलं असेल तर वर्षाला २,५६,००० डॉलर येतात. चार बेड रिकामे राहिले की ३२,००० गेले. खर्च मात्र चार बेडनी कमी होत नाही: मालमत्ता कर, विमा, कर्जाचा हप्ता, हीटिंग सगळं तेवढंच. भाडं नऊ महिन्यांचं येतं आणि खर्च बारा महिन्यांचा असतो, हेही नवख्या ट्रेझररच्या लक्षात येत नाही. त्या ३२,००० ची झळ बसते ती छप्पर आणि बॉयलरसाठी बाजूला टाकायच्या रकमेला. एक-दोन वर्षं कोणाला काही जाणवत नाही. पाचव्या वर्षी छप्पर गळतं आणि माजी सदस्यांना घाईघाईचं पत्र जातं.

बेड रिकामे का राहतात? सीनियर मुलं बाहेर अपार्टमेंट घेतात म्हणून. आणि कॉलेजगावात अपार्टमेंटचे करार आदल्या शरद ऋतूतच होऊन जातात. हाऊस कॉर्पोरेशन मार्चमध्ये जागी झाली तर उशीर झालेला असतो. पुढच्या वर्षाचे करार थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आधी सह्या होऊन हातात पाहिजेत. करार चॅप्टरशी नको, प्रत्येक मुलाशी वेगळा हवा आणि त्यावर पालकांची हमीदार म्हणून सही हवी. चॅप्टरकडून एकरकमी भाडं घ्यायचं ठरवलं तर थकबाकी चॅप्टरच्या खात्यात साचत जाते. एकविसाव्या वर्षी आपल्याच मित्राकडे पैसे मागायला ट्रेझरर मुलाला संकोच वाटतो, तो बोलत नाही आणि मे महिन्यात थकबाकीदार पदवी घेऊन निघून जातो. जे घरात राहत नाहीत त्यांच्याकडूनही दर सेमिस्टरला थोडी पार्लर फी घ्यावी. जेवणाची खोली, अभ्यासाची खोली तेही वापरतातच.

भाडं ठरवताना माजी सदस्यांकडून एक चूक सारखी होते. आपल्या वेळचा आकडा डोक्यात धरून ते भाडं बाजारापेक्षा फार खाली ठेवतात. मुलांवरच्या मायेपोटी असतं ते. पण त्या मायेत घर खिळखिळं होतं, आणि खिळखिळ्या घरात फुकट राहायलाही कोणी येत नाही.

एका खर्चात काटकसर चालत नाही, तो म्हणजे आगीपासून बचाव. १२ मे १९९६ रोजी चॅपेल हिलमध्ये एका फ्रॅटर्निटीच्या घराला आग लागून पाच विद्यार्थी गेले. घरात स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच छतातून पाणी फवारणारी यंत्रणा, नव्हते. जुन्या लाकडी घरात ते बसवायला मोठा खर्च येतो, त्यासाठी कर्ज काढावं लागलं तरी काढावं.

पैसे मागण्याआधी कराची बाजू समजून घ्या, कारण इथे चांगल्या माणसांचे गैरसमज होतात. चॅप्टर आणि हाऊस कॉर्पोरेशन सहसा अमेरिकी करकायद्याच्या कलम ५०१(सी)(७) खाली, सामाजिक क्लब म्हणून येतात. त्यांना दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला करसवलत नाही. सवलत मिळते ती ५०१(सी)(३) खालच्या फाउंडेशनला दिलेल्या देणगीवर, आणि तो पैसा शिष्यवृत्ती, प्रशिक्षण, अभ्यासिका अशा शैक्षणिक कामालाच जाऊ शकतो. पार्टीच्या खोलीची फरशी त्यातून बदलता येत नाही. पत्रात दोन चेक दोन नावांनी मागा आणि प्रत्येकाचा उपयोग एका ओळीत लिहा. दुसरी गोष्ट करखात्याकडे दरवर्षी भरायच्या रिटर्नची. वर्षाची जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर फॉर्म ९९०-एन पुरतो, दहा मिनिटांचं काम आहे. वर्ष ३० जूनला संपत असेल तर मुदत १५ नोव्हेंबर. सलग तीन वर्षं भरला नाही तर करमुक्त दर्जा आपोआप रद्द होतो. निवडणुकीच्या धामधुमीत जुना ट्रेझरर म्हणतो नवा भरेल, नव्याला असा फॉर्म असतो हेच माहीत नसतं. ही तारीख माजी सदस्य असलेल्या सल्लागाराच्या कॅलेंडरमध्ये हवी. वरच्या ३२ बेडच्या घराला मात्र पूर्ण ९९० भरावा लागेल, कारण जमा दोन लाखांच्या वर आहे.

आता यादी. मुळात ती दीक्षेच्या, म्हणजे सदस्य करून घेण्याच्या विधीच्या, वहीतून येते: प्रत्येकाचा रोल नंबर, सही, तारीख. त्यावरून स्प्रेडशीट करा. रोल नंबर, पूर्ण नाव, दीक्षेचं वर्ष, पदवीचं वर्ष, बिग ब्रदरचा रोल नंबर, पत्ता, फोन, ई-मेल, नोकरी आणि शेवटी ‘माहिती कधी तपासली’ हा रकाना. हा शेवटचा रकाना नसेल तर बाकीच्यांवर भरवसा ठेवता येत नाही. बिग ब्रदर म्हणजे नव्या सदस्याला (लिटल ब्रदरला) नेमून दिलेला जुना सदस्य, आणि हा रकाना मला फार मोलाचा वाटतो. हरवलेला माणूस शोधायचा तर त्याच्या लिटल ब्रदरला विचारा. कार्यालयाच्या पत्राला उत्तर न देणारा त्याचा फोन उचलतो. पदवी घेणाऱ्यांकडून एप्रिलमध्येच कॉलेजचा सोडून स्वतःचा ई-मेल घ्या आणि आई-वडिलांचा पत्ताही घ्या. बावीस-तेवीस वर्षांची मुलं तीन वर्षांत तीन शहरं बदलतात, आई-वडील सहसा तिथेच असतात. अर्थात मुलाला विचारून, आणि फक्त पत्र पाठवण्यासाठी.

छापील पत्र पाठवताना टपालखात्याचा एक नियम माहीत असू द्या. २०० प्रती झाल्या की मार्केटिंग मेलचा स्वस्त दर मिळतो. पण पाकिटावर तशी सूचना छापलेली नसेल तर ही डाक नव्या पत्त्यावर जात नाही आणि परतही येत नाही, सरळ टाकून दिली जाते. ६०० पत्रं गेली या समाधानात चॅप्टर वर्षानुवर्षं राहतो आणि त्यांतली किती पोहोचली हे कळायला मार्गच नसतो. म्हणून ‘रिटर्न सर्व्हिस रिक्वेस्टेड’ छापा. परत आलेल्या प्रत्येक पत्राचे पैसे द्यावे लागतात, पण कुठला पत्ता मेला ते समजतं.

पत्र वर्षातून दोनदा पुरे, चार पानं. त्यात काय वाचलं जातं? नावं. कोणाला बाळ झालं, कोण निवृत्त झालं, कोण गेलं. श्रद्धांजलीची अर्धी चौकट सगळ्यात आधी वाचली जाते, म्हणून तिथे नावाचं स्पेलिंग आणि दीक्षेचं वर्ष दोघांनी तपासावं. ‘आमचा चॅप्टर उत्तम चालला आहे’ हे वाक्य कोणी लक्षात ठेवत नाही. त्याऐवजी लिहा: नवे सदस्य १४, चॅप्टरची ग्रेड सरासरी इतकी, दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचं काम झालं, इतका खर्च आला, वर्गणीची थकबाकी इतकी उरली. वाईट बातमीही लिहा. विद्यापीठाने ताकीद दिली आणि ती माजी सदस्यांना वर्तमानपत्रातून कळली, तर पुढची दहा वर्षं तुमच्या पत्रावर विश्वास बसणार नाही. पैशाची मागणी वर्षातून एकदाच आणि वेगळ्या पत्रात.

होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थी कॉलेजात परत येतात त्या, दिवशी लोक जेवायला येत नाहीत, आपली खोली बघायला येतात. दारात नावाच्या पट्ट्या घेऊन दोन मुलं उभी करा. पट्टीवर नाव मोठ्या अक्षरात, खाली दीक्षेचं वर्ष तितकंच मोठं, कारण साठीतली माणसं खिशातून चष्मा न काढता एकमेकांना वर्षावरून ओळखतात. त्या त्या काळच्या कंपोझिटखाली, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या चौकटीतल्या सामूहिक फोटोखाली, खुर्च्या मांडा. पन्नास वर्षं झालेल्या सदस्याबरोबर एक मुलगा दिवसभर असावा, आणि त्याने ऐकावं. बाथरूम आदल्या रात्री नव्हे, त्याच सकाळी धुवा.

दारूचं आधीच स्पष्ट सांगा. फाय डेल्टा थीटाने १ जुलै २००० पासून घरं दारूमुक्त केली. नॉर्थ अमेरिकन इंटरफ्रॅटर्निटी कॉन्फरन्स या फ्रॅटर्निटींच्या महासंघातल्या संघटनांत १ सप्टेंबर २०१९ पासून घरात १५ टक्क्यांहून कडक दारूला बंदी आहे, परवानाधारक विक्रेत्याने दिली तरच अपवाद. माजी सदस्याने गाडीतून आणलेली व्हिस्कीची बाटली या नियमात बसत नाही, आणि कारवाई होते ती मुलांवर.

हेझिंग, म्हणजे आपल्या ओळखीचं रॅगिंग, याबाबत माजी सदस्यांची जबाबदारी मोठी आहे, कारण बऱ्याच वेळा ही प्रथा जिवंत ठेवतात ते माजी सदस्यच. ‘आमच्या वेळी तर’ असं म्हणून रंगवलेली एक गोष्ट एकोणीस वर्षांच्या मुलाला परंपरा वाटते. सिग्मा अल्फा एप्सिलॉनने मार्च २०१४ मध्ये नव्या मुलांचा दीक्षेआधीचा उमेदवारीचा काळच रद्द केला. डिसेंबर २०२४ च्या स्टॉप कॅम्पस हेझिंग अॅक्टनुसार कॉलेजांना हेझिंगचे प्रकार वार्षिक सुरक्षा अहवालात द्यावे लागतात आणि दोषी संघटनांची नावं जाहीर करावी लागतात. दीक्षेच्या आठवड्यात आधी काही न कळवताच दारात हजर होणाऱ्या माजी सदस्याला सल्लागाराने दारातूनच परत पाठवावं, मग तो कितीही मोठा देणगीदार असो.

सल्लागार एकच असेल तर तो तीन वर्षांत दमतो. पाच-सहा जणांचं मंडळ करा आणि प्रत्येकाला एक पदाधिकारी नेमून द्या. ट्रेझररच्या जोडीदाराला बँकेचं खातं फक्त बघण्याची परवानगी हवी आणि दर महिन्याला अर्धा तास दोघांनी स्टेटमेंट समोर ठेवून बसावं. ठरावीक रकमेवरच्या चेकला दुसरी सही लागेल असं बँकेत लिहून द्या.

आणि चॅप्टर बंद पडला तर? विद्यापीठ सहसा तेव्हाचे सगळे सदस्य पदवी घेऊन जाईपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षं, परत येऊ देत नाही. त्या काळात चॅप्टर म्हणजे फक्त हाऊस कॉर्पोरेशन. तिने पहिल्या महिन्यात घर दुसऱ्या संघटनेला किंवा साध्या विद्यार्थ्यांना भाड्याने द्यावं, विमा कंपनीला बदललेला वापर लेखी कळवावा, कारण रिकाम्या घराची पॉलिसी वेगळी असते. विधीचं सामान मुख्यालयाकडे जातं. कंपोझिट भिंतीवरून उतरवून कोरड्या जागी, उभे ठेवायचे, तळघरात नाही. दीक्षेची वही आधी पानन् पान स्कॅन करायची आणि मगच कपाटात.