नॉमिनीचं नाव

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या आसपास मराठी वस्ती जुनी. आमच्या बँकेत पासबुक भरायला आलेली माणसं दोन शब्द घरचेही बोलून जातात. ती मात्र गप्प होती. घडी घातलेला कागद सरकवून एवढंच म्हणाली, "ताई, पोटगीची एकरकमी रक्कम जमा झालीय. एफडी करायचीय."

कागद घटस्फोटाच्या हुकमाचा होता. सयाजीराव महाराजांच्या बडोदा राज्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1931 सालीच झाला, देशाचा हिंदू विवाह कायदा 1955 चा. तरी याच गावात बाया हा कागद अजून लपवत काढतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तिचं खातं उघडलं, तर नॉमिनी नवराच. निकालाबरोबर तेही गेलं असेल, असं तिला वाटत होतं. तसं होत नाही. घटस्फोटानंतर नवरा वारस उरत नाही, पण खात्यावरचं नाव आपण बदलेपर्यंत राहतं. नॉमिनी पैशाचा मालक नसतो, तरी बँक रक्कम त्याच्याच हाती देते. उद्या हिचं काही झालं असतं, तर लेकीला आपल्याच पैशांसाठी बापाशी भांडावं लागलं असतं.

मी नॉमिनी बदलायचा फॉर्म दिला. तिनं लेकीचं नाव घातलं. लेक लहान, म्हणून ती सज्ञान होईपर्यंत रक्कम घेणारं कुणी मोठं माणूस लिहावं लागतं. तिथं तिचा हात थांबला.

"आई म्हणते, भावाचं लिही."

"घाई नाही. घरी नेऊन भरा."

ती बाहेर जाऊन फोनवर बोलून आली आणि नणंदेचं नाव लिहिलं.

"नक्की ना?"

"हो. केस चालू होती तेव्हा पोरीची फी वन्संनी भरली. माहेरी मला दारातच विचारत होते, किती दिवस राहणार?"

सासरचं सगळं तोडल्याशिवाय बाई सावरत नाही, असं हितचिंतकही बजावतात. मला ते कधीच पटलं नाही. अडीनडीला उभं राहिलेलं माणूस तिनं का सोडावं?

मग तिनं वही काढली. विमा, पीएफ, पोस्टातलं खातं: सगळीकडे वेगळा अर्ज करावा लागेल, मी सांगत गेले, ती लिहीत गेली. लॉकर दोघांच्या नावावर होता, तो बंद करायला त्याचीही सही हवी होती.

"ती मी आणते," ती म्हणाली. "एफडी मात्र आजच्याच तारखेची करा."