२२ मिनिटांचे अंतर

बारा वर्षे मी किशोरवयीन वाचकांसाठी विज्ञानसाहसाच्या कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्या वाचकांनी मला जे प्रेम दिले त्याची बरोबरी कशाशीच होणार नाही. तरीही एक विषय अनेक दिवस मनातून जात नव्हता. मंगळावरच्या वसाहतीत काम करणारी चाळिशीची अभियंता आणि पृथ्वीवर राहिलेले, हळूहळू स्मृती गमावत चाललेले तिचे वडील. हा विषय प्रौढांसाठीच लिहावा लागणार हे मला कळत होते, मात्र त्यासाठी नायिकेचे वय वाढवणे, थोडी हिंसा दाखवणे आणि अधिक अवघड भौतिकशास्त्र वापरणे पुरेसे होईल, असा माझा समज होता. तो दूर होण्यासाठी तीन खर्डे आणि जवळजवळ चार वर्षे लागली.

पहिला खर्डा वाचून माझ्या संपादकांनी सांगितले, “तुमची नायिका चाळीस वर्षांची आहे, पण प्रत्येक प्रसंग तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असल्यासारखी ती वागते.” हे मर्मावर बोट होते. किशोर कादंबरीची सारी ऊर्जा पहिलेपणात असते: पहिला विश्वासघात, मोठ्यांच्या विरोधात जाऊन घेतलेला पहिला निर्णय. माझ्या हाताला त्याच लयीची सवय झाली होती. चाळिशीतल्या माणसाचे मोठे निर्णय बहुधा आधीच घेऊन झालेले असतात आणि त्यांच्यासोबत रोज राहावे लागते, हे मला वयाने माहीत असूनही लिहिता येत नव्हते.

व्हेरॉनिका रॉथ यांचे उदाहरण तेव्हा उपयोगी पडले. २०११मध्ये किशोर कादंबरीने प्रसिद्धीस आलेल्या या लेखिकेने २०२०मध्ये प्रौढांसाठी पहिली कादंबरी लिहिली, तेव्हा तिचा विषयच असा निवडला की, कोवळ्या वयात जगाला वाचवणाऱ्यांचे पुढे काय होते. जिथे माझ्या कथा संपत होत्या तिथून सुरुवात करायची, हे मला त्यातून उमगले.

खरी वाट मात्र विज्ञानानेच दाखवली. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातील अंतर सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरपासून ४० कोटी किलोमीटरपर्यंत बदलत असल्यामुळे, एका बाजूने निघालेला संदेश दुसरीकडे पोहोचायला ३ ते २२ मिनिटे लागतात. हाच विलंब मी पूर्वी एका किशोर कादंबरीत उत्कंठा वाढवण्यासाठी वापरला होता. इशारा वेळेत पोहोचतो की नाही, एवढाच तिथे प्रश्न होता. आता मुलगी विचारते, “बाबा, औषध घेतलंत का?” त्यांचे उत्तर तिच्यापर्यंत येऊन तिचा पुढचा प्रश्न त्यांना मिळेपर्यंत पाऊण तास उलटलेला असतो आणि मधे आपण काय बोललो हे त्यांना आठवत नसते. म्हणून ती प्रश्न विचारणेच सोडून देते. फक्त आपले सांगत राहते.

सुमारे २६ महिन्यांतून एकदा दोन ग्रहांच्या मधे सूर्य येतो आणि जवळजवळ दोन आठवडे संपर्क विश्वासार्ह राहत नाही. माझ्या जुन्या नायिकेने यावरही काहीतरी युक्ती शोधली असती. ही नायिका त्या तारखांची वाट पाहू लागते, त्या दिवसांत तिला सुटल्यासारखे वाटते आणि त्याची लाजही वाटते. हे वाक्य कागदावर आले त्या रात्री मला पहिल्यांदा खात्री वाटली की ही कादंबरी होईल.

तिसऱ्या खर्ड्यात मुख्यतः काटछाट केली. माझ्या किशोर कादंबऱ्यांतली मोठी माणसे एकतर मुलांना अडवत किंवा त्यांना विज्ञान समजावून सांगत. पण दोन अभियंते एकमेकांना परिचित गोष्टी समजावत बसत नाहीत. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांहून थोडा मोठा असतो, त्यामुळे तिची सकाळ वडिलांच्या घड्याळात रोज सुमारे ४० मिनिटांनी पुढे सरकते. यावर मी लिहिलेली दोन पाने काढून टाकली आणि “तू नेहमी अवेळी का बोलतेस?” हा वडिलांचा प्रश्न तेवढा ठेवला.

माझ्या नेहमीच्या प्रकाशकांनी पुस्तक नाकारले. वाचकांचा गोंधळ होईल, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते फार लागले. अमेरिकी विज्ञानकथाकार रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९४७ ते १९५८ या काळात एकाच प्रकाशनगृहासाठी १२ किशोर कादंबऱ्या लिहिल्या, पुढची त्या प्रकाशनगृहाने नाकारली, दुसरीकडून ती १९५९मध्ये आली आणि विज्ञानकथांसाठी दिला जाणारा १९६०चा ह्यूगो पुरस्कार तिला मिळाला. त्यांच्याशी बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. पण नकार पुस्तकाला नसून ते कोणत्या कपाटात ठेवायचे या अडचणीलाही असू शकतो, एवढा धीर मला त्यातून मिळाला. दुसऱ्या प्रकाशकांकडे पाठवताना मी पहिल्याच ओळीत लिहिले की हे पुस्तक मुलांसाठी नाही.

सध्या मी पुन्हा किशोर कादंबरी लिहीत आहे. तिच्यातील नायिकेची आई पूर्वीसारखी दारात उभी राहून फक्त “जाऊ नकोस” म्हणाली असती. आता तिने स्वतःसाठी एक सबंध प्रकरण मागून घेतले आहे, आणि ते मी तिला दिले आहे.