थकीत चलन, निम्मी सूट आणि लायसन

मागच्या लोकअदालतीत माझ्या टेबलासमोर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन माणसे बसली आणि दोघांनाही एकच न्याय मिळाला, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात अठरा वर्षे वकिली करते आणि लोकअदालतीच्या पॅनेलवर अधूनमधून बसते. पहिला माणूस ट्रॅक्टरमालक होता. गाळप हंगामात ऊस वाहणाऱ्या त्याच्या दोन्ही ट्रॉल्यांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, म्हणून दोन वर्षांत त्याला सहा वेळा दंड पडला होता. दुसरे भाजीपाला वाहणारे पिकअपवाले मामा होते. मोंढ्याच्या दारासमोर माल उतरवताना गाडी नो पार्किंगमध्ये उभी केल्याची त्यांची आठ चलने होती. पहिले पाचशेचे आणि पुढची सात दीड-दीड हजारांची, मिळून अकरा हजार रुपये. दोघांच्याही रकमेत निम्मी सूट देऊन तडजोड झाली, दोघांनीही सह्या केल्या आणि दोघेही पावती घेऊन गेले.

मामांची हकीकत थोडी सविस्तर सांगते, कारण त्यांनी ती लिहायला मला परवानगी दिली आहे. त्यांनी गाडी सेकंडहँड घेतली होती, कागदपत्रे नावावर झाली, पण नोंदीतला मोबाईल नंबर पहिल्या मालकाचाच राहिला. त्यामुळे आठपैकी एकाही चलनाचा मेसेज त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. गाडी पासिंगला नेली, तेव्हा आधी थकीत दंड भरा म्हणून सांगितले गेले आणि तिथे त्यांना पहिल्यांदा कळले की आपल्या नावावर अकरा हजार रुपये चढलेले आहेत. डिझेल वजा जाता दिवसाकाठी पाच-सहाशे रुपये हाती येणाऱ्या माणसाने तीन दिवस गाडी दारात उभी ठेवली. माझ्यासमोर बसल्यावर ते म्हणाले, “वकीलताई, मी पैसे भरायला कुठं नाही म्हणायलोय? पहिलं चलन पडलं तवाच कुणी सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून गाडी मागल्या गल्लीत लावली असती.”

दंड कशासाठी असतो, हे मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा त्या वाक्यातून अधिक स्वच्छ कळले. पहिल्या चलनाने माणसाची सवय बदलायला हवी होती. ते चलन त्याच्यापर्यंत पोहोचलेच नसेल, तर उरलेली सात चलने म्हणजे नुसती वसुली होते. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये घातलेल्या नियम १६७-अ ने सांगितले होते. परंतु पाठवणे आणि पोहोचणे यांत फरक आहे, आणि गावाकडे तो फरक फार मोठा आहे, कारण इथे अनेक गाड्यांच्या नोंदीत मोबाईल नंबर एजंटाचा, शोरूमवाल्याचा किंवा पुण्याला गेलेल्या मुलाचा असतो.

आता माफीविषयी. मार्च २०२२ मध्ये तेलंगणाने दुचाकीस्वारांना थकीत दंडाच्या चौथ्या हिश्शावर सोडले. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सरसकट निम्मी सूट दिली. उत्तर प्रदेशाने २०१७ ते २०२१ या पाच वर्षांतली प्रलंबित चलने २०२३ मध्ये रद्दच केली. आपल्याकडे लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे खटला दाखल होण्याआधीच, ही चलने येतात आणि तिथे तडजोड होते. सरकारांची अडचण मला समजते. पाचशे-हजार रुपयांचा एकेक खटला चालवायचा तर न्यायालयांना दुसरे काम करता येणार नाही, आणि काहीच न मिळण्यापेक्षा निम्मे मिळालेले बरे, हा हिशेब तिजोरीच्या दृष्टीने बरोबर आहे.

परंतु हा हिशेब ज्याने वेळेवर भरले, त्याला कुठेच धरत नाही. तीन वर्षांपूर्वी मी घाईत हेल्मेट न घालता स्कूटीवर निघाले होते. पाचशे रुपयांचे चलन आले, चूक माझीच होती, मी त्याच रात्री ते भरले. माझ्या मावसभावाने त्या काळात नऊ चलने साठवली आणि नंतर निम्म्या पैशांत मोकळा झाला. मला माझ्या पाचशे रुपयांचे दुःख नाही. दुःख याचे आहे की घरातल्या जेवणाच्या पंगतीत सगळ्यांनी त्याला शहाणे ठरवले आणि माझा अकरावीतला मुलगा ते ऐकत होता. न्यायालयाच्या व्हरांड्यात आता पक्षकारच एकमेकांना सांगतात, “थांबा की, सूट येईल.” एकदा दिलेली माफी उपकार असते, दर काही महिन्यांनी येणारी माफी हा दंडाचा खरा दर होऊन बसतो आणि पूर्ण रक्कम भरणारा माणूस प्रामाणिक असल्याचा भुर्दंड सोसतो.

म्हणून माफी नेहमीच चूक, असे मात्र मी म्हणणार नाही. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये ती होती आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये ती आहे. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्यासाठी कारण दाखवावे लागते. जे प्रकरण कुणी न्यायालयात नेलेच नाही, ते तीन वर्षांनी मेसेज पाठवून उकरून काढायचे आणि वर निम्म्या सुटीचे औदार्य दाखवायचे, हे मला पटत नाही. राज्य स्वतः झोपले असेल, तर तेवढा भार राज्याने सोडून द्यावा. ती माफी नव्हे, ती आपल्या दिरंगाईची कबुली होय. मामांची पुढची सात चलने मी याच वर्गात धरते. त्यांना मिळालेली निम्मी सूट माझ्या मते अपुरी होती.

आणि ट्रॅक्टरमालकाला मिळालेली सूट मात्र अन्यायाची होती. हे मी इतक्या ठामपणे का लिहिते, त्याचे कारण आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या गल्लीतला एक चोवीस वर्षांचा मुलगा रात्रपाळीहून मोटारसायकलवर घरी येत असताना रस्त्यात पंक्चर होऊन उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. अपघात नुकसानभरपाईचा दावा मीच चालवला, त्यामुळे पंचनाम्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती जागा पाहायला गेले होते. ट्रॉली हलवलेली होती. तिच्या मागे खूण म्हणून चालकाने लावलेले चार दगड तेवढे तिथे होते. ते दगड डांबराच्याच रंगाचे होते. मी दिवसाउजेडी दहा पावलांवरून पाहिले, तेव्हा मला त्यातले दोनच दिसले. रिफ्लेक्टरची लाल पट्टी दोन-तीनशे रुपयांत येते. त्या पट्टीसाठी पडलेला दंड आणि मोंढ्यासमोर भाजी उतरवण्यासाठी पडलेला दंड यांना एकाच टक्केवारीत मोजणारी माफी ही न्यायाची भाषा असूच शकत नाही.

दुसरी बाजू परवान्याची. दंड थकवणाऱ्यांचे लायसनच निलंबित करावे, असा विचार केंद्राच्या पातळीवर सुरू असल्याच्या बातम्या २०२५ साली आल्या, तेव्हा बाररूममध्ये बहुतेकांनी त्याचे स्वागत केले. मला तो विचार तेव्हाही चुकीचा वाटला आणि आजही वाटतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधले कलम १९ वाचले, तर परवाना काढून घेण्याची जी कारणे मुळात त्यात दिली आहेत, ती जवळजवळ सगळी माणसाच्या वागण्याशी जोडलेली आहेत: तो सराईत मद्यपी आहे, त्याच्या गाडी चालवण्याने लोकांच्या जिवाला धोका आहे, त्याने परवाना फसवून मिळवला आहे. त्याच्याकडे सरकारचे पैसे थकले आहेत, हे कारण त्या यादीत नाही, आणि ते नसणे मला योग्य वाटते. लायसन म्हणजे या माणसाच्या हाती गाडी सुरक्षित आहे, असा दिलेला निर्वाळा. पैसे थकल्याने तो निर्वाळा खोटा ठरत नाही.

इथे एक व्यावहारिक घोळही आहे, ज्याकडे फारसे कुणी पाहत नाही. कॅमेऱ्याचे चलन गाडीच्या नंबरवर पडते, म्हणजे मालकावर. लायसन मात्र चालकाचे असते. आमच्याकडे जीप एकाची, चालवणारा दुसरा आणि हप्ते भरणारा तिसरा, असे सर्रास असते. कोण चालवत होते हे सांगण्याची जबाबदारी कलम १३३ ने मालकावर टाकली आहे, पण ते विचारायला कुणी येत नाही. अशा स्थितीत थकबाकीसाठी लायसन निलंबित केले, तर ज्याने सिग्नल तोडला तो मोकळा आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्या म्हाताऱ्या बापाचे लायसन बंद, असे होणार.

अमेरिकेत हा प्रयोग बरीच वर्षे झाला. दंड भरला नाही म्हणून लायसन निलंबित. लायसन नाही म्हणून कामावर जाता येत नाही. काम नाही म्हणून दंड भरता येत नाही. तरीही पोटासाठी गाडी काढली, की विनापरवाना गाडी चालवल्याचा नवा गुन्हा. हे चक्र लक्षात आल्यावर कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये केवळ न भरलेल्या दंडासाठी लायसन निलंबित करणे बंद केले. आपल्याकडे विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने पाच हजार रुपये केला आहे. अकरा हजार न भरू शकलेल्या मामांवर ते पाच हजार चढले असते, तर पिकअप विकण्यावाचून त्यांच्यापुढे काय उरले असते?

धोक्यासाठी मात्र लायसन जायलाच हवे, आणि तिथे दयामाया नको. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितले होते की अतिवेग, लाल सिग्नल तोडणे, जादा भार, मालवाहू गाडीत माणसे भरणे, दारू पिऊन आणि मोबाईलवर बोलत गाडी चालवणे, या गुन्ह्यांत किमान तीन महिने परवाना निलंबित करा. हेल्मेट न घालणाऱ्यांना मात्र तिने किमान दोन तासांचे समुपदेशन सुचवले होते. पुढे २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४-ड आले आणि हेल्मेटसाठीही तीन महिन्यांची अपात्रता ठरली. मला समितीची विभागणी अधिक शहाणपणाची वाटते, कारण तिने दुसऱ्याच्या जिवाला असलेला धोका आणि स्वतःच्या जिवाची बेपर्वाई यांत फरक केला होता. दारू पिऊन जीप चालवणाऱ्याचेही घर त्या जीपवर चालते, हे मला माहीत आहे. त्याची बायको माझ्याच टेबलासमोर येऊन रडते. तरीही तीन महिने त्याला स्टिअरिंगपासून दूर ठेवावे, असेच मी म्हणते, कारण त्या जीपमध्ये मागे दहा-बारा माणसे बसलेली असतात आणि त्यांच्याही घरी कुणीतरी असते.

दंडाची रक्कम ऐपतीप्रमाणे असावी, हा विचारही नवा नाही. फिनलंडने १९२१ पासून माणसाच्या रोजच्या उत्पन्नावर दंड ठरवण्याची पद्धत ठेवली आहे. आपल्याकडे उत्पन्नाची नोंदच नसणारे लोक इतके आहेत की ती पद्धत जशीच्या तशी आणता येणार नाही, पण हप्ते तर बांधून देता येतील. मामांनी निम्मी रक्कम, म्हणजे साडेपाच हजार, एकरकमी भरली, त्यासाठी त्यांनी मुलीच्या शाळेच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे मोडले. महिन्याला पाचशे म्हटले असते, तर त्यांनी पूर्ण अकरा हजारही भरले असते, असे ते मला म्हणाले आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

मी तालुका विधी सेवा समितीकडे एक लेखी टिपण दिले आहे. पुढच्या लोकअदालतीत चलनांच्या दोन वेगळ्या याद्या असाव्यात, धोक्याच्या गुन्ह्यांना सूट नसावी, आणि ज्याला मेसेज पोहोचला नाही त्याच्या पहिल्या चलनानंतरची चलने वेगळी तपासावीत, एवढेच त्यात मागितले आहे. मामांचा मोबाईल नंबर आम्ही त्याच संध्याकाळी माझ्या ऑफिसात बसून नोंदीत बदलून घेतला. ओटीपी आला तेव्हा त्यांनी तो दोनदा मोठ्याने वाचला.

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला लातूरहून परत येताना माझ्या पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या चालल्या होत्या. मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, आणि नंबरप्लेट लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकलेली होती, त्यामुळे ट्रॅक्टर कुणाचा ते मला कळले नाही आणि कुठल्याही कॅमेऱ्याला कळले नसते. ओव्हरटेक करून मला पुढे जाता आले असते. मी गाडीचे चारही इंडिकेटर लावले आणि कारखान्याचा फाटा येईपर्यंत त्या ट्रॉलीच्या मागे मागे चालत राहिले.