पहिला प्रवेश कोणासाठी?

"पहिला प्रवेश मी त्यांच्यासाठी लिहिलाय. माझं नाटक दुसऱ्यापासून सुरू होतं."

सकाळी नाटकाचं ऑनलाइन वाचन संपल्यावर स्थलांतरित घरातली एक नवी नाटककार हे सहज बोलून गेली. वाक्य काही डोक्यातून जात नाहीये.

पहिल्या प्रवेशात आई मुलीला सांगते, आपण या देशात कधी आलो, का आलो, आजोबा मागे का राहिले. त्याच घरात वाढलेल्या मुलीला हे कोण सांगत बसेल? पण "प्रेक्षकांना कळणार नाही" म्हणून एका संस्थेने तिची संहिता आधी परत केली होती, त्यांच्यासाठी हा प्रवेश.

दुसऱ्या प्रवेशात मायलेकी आजोबांचे अंत्यविधी फोनवर बघतायत. आई मध्येच आवाज बंद करते. बघत मात्र राहते. बस्स, सगळं कळतं.

स्थलांतरितांच्या घरातल्या लेखकाला मार्गदर्शक लागतो तो नेमका इथे. "हे कोणाला समजावतेयस?" असं विचारणारा, नट जमवून संहिता मोठ्याने वाचून घेणारा. ब्रिटनमध्ये १९८९ साली सुरू झालेल्या 'तमाशा' या नाट्यसंस्थेने हे केलं. अयूब खान दीन तेव्हा नट होते. त्यांचं 'ईस्ट इज ईस्ट' हे नाटक संस्थेच्या लेखन कार्यशाळेतून पुढे आलं आणि १९९६ मध्ये रंगमंचावर गेलं. दक्षिण आशियाई वंशाच्या लेखिकांसाठी 'काली' ही संस्था असंच काम करते.

स्पर्धा, बक्षिसं ठीक आहेत. पण दुसरा खर्डा कोण वाचतं? नाटकात मुरलेल्या मित्रमैत्रिणींनो, अशा एखाद्या संहितेसाठी महिन्यातली एक संध्याकाळ द्याल का?