तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्प्रॅक्सिया आहे, मदत कुठून सुरू करायची?

शाळेच्या गेटवर, सोसायटीत, कधी लातूरकडून ओळखीच्या ओळखीतून फोन येतो आणि प्रश्न तोच असतो, ताई तुमच्या मुलाला डिस्प्रॅक्सिया आहे ना, आमच्याही मुलाचं तसंच वाटतंय, तर मदत कुठे मिळते आणि ते सर्टिफिकेट कुठे काढायचं? प्रत्येकीला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

पहिलं म्हणजे सर्टिफिकेटसाठी थांबू नका. लर्निंग डिसॅबिलिटीचं (शिकण्यातल्या अडचणीचं) सर्टिफिकेट नियमाप्रमाणे आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं, म्हणजे मूल तिसरीत वगैरे गेल्यावर, आणि डिस्प्रॅक्सिया (म्हणजे बुद्धी ठीक असूनही हातापायांच्या हालचालींचा मेळ बसायला अवघड जाणं, डॉक्टर कागदावर डीसीडी लिहितात, तेच हे) पाचव्या वर्षानंतर बऱ्यापैकी ओळखता येतो. मधली ही वर्षं कागदाची वाट बघत घालवायची नसतात, हाताला वळण लावायचं ते ह्याच वर्षांत, आणि थेरपी सुरू करायला कुणी सर्टिफिकेट मागत नाही.

आता तसंच वाटतंय म्हणजे नक्की काय, ते बघा. आमचा पोरगा वाचायचा भराभर, अफजलखानाचा वध हातवारे करून सांगायचा, पण डब्याचं झाकण उघडेना, शर्टाचं बटण लागेना, आमटी-भात खाल्ला की अर्धा टेबलावर, लेझीममध्ये सगळी पोरं डावीकडे तर हा उजवीकडे. फळ्यावरचं उतरवून घेईपर्यंत बाईंनी फळा पुसलेला असायचा. मराठीच्या वहीत शिरोरेघ अक्षरांच्या पोटातून जायची आणि जोडाक्षर आलं की सगळं गाडं अडायचं. घरातल्या मोठ्यांचं मत ठरलेलं, लाडावलाय, आळशी आहे, लक्ष नाही. पाच ते सहा टक्के मुलांमध्ये हे असतं, म्हणजे साठच्या वर्गात तीन जण, फक्त मस्ती करणारं मूल दिसतं आणि हे धडपडणारं दिसत नाही. आणि ह्यातल्या बऱ्याच मुलांना सोबत एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) किंवा डिस्लेक्सियाही (वाचनाची अडचण) असतो, त्यामुळे एकच नाव मिळालं म्हणून बाकीचं तपासायचं सोडू नका.

सुरुवात बालरोगतज्ज्ञाकडून करा, डोळे तपासा. आणि एक गोष्ट जरा ठासून सांगते, आधी जमत होतं ते आता जमेनासं झालंय, जिने चढताना त्रास होतोय, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकून उठतोय, असं असेल तर तो डिस्प्रॅक्सिया समजून बसू नका, लगेच मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवा. डिस्प्रॅक्सियात मूल उशिरा शिकतं, शिकलेलं गमावत नाही.

मग खरी मदत, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे जेवणं, कपडे घालणं, लिहिणं अशी रोजची कामं जमवायला शिकवणारे. फिजिओ वेगळे, हे वेगळे. सरकारी हॉस्पिटलात पाटीवर व्यवसायोपचार असं लिहिलेलं असतं, ते शोधा. मुंबईत केईएम, नायर, सायन, हाजी अलीची पुनर्वसन संस्था, नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेज, इथे हे विभाग आहेत. (भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं स्कूल 1950 मध्ये केईएमलाच निघालं, ते काढलं कमलाबाई निंबकरांनी, अमेरिकेत जन्मलेल्या, लग्न करून इकडे आलेल्या, आणि नंतर नागपूरचंही त्यांनीच. आपल्याकडे एवढी जुनी परंपरा असून अजून निम्म्या पालकांना हा शब्द माहीत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.) तालुक्याच्या गावी असाल तर जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी (मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं. 2013 मध्ये हा कार्यक्रम देशात सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून, आणि तो अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, फक्त बाळांसाठी नाही.

प्रायव्हेटमध्ये जात असाल तर झोपाळे, बॉल पूल, रंगीत गाद्या बघून भुलू नका. थेरपिस्टला सरळ विचारा, ह्या तीन महिन्यांत माझ्या मुलाला काय जमलं पाहिजे? उत्तर बटण लावणं, नाडी बांधणं, कर्कटकाने वर्तुळ काढणं असं काहीतरी ठोस आलं तर बसा, नुसतं सेन्सरी सेन्सरी (स्पर्श, तोल वगैरे संवेदनांचं) आलं तर दुसरं दार बघा. जे काम जमत नाही त्याच कामाचा सराव जास्त उपयोगी पडतो, असंच आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. कॅनडात तयार झालेली एक पद्धत आहे, तिच्यात मूल स्वतःच ठरवतं, काय करायचंय, कसं करू, करून बघतो, जमलं का, नाही तर काय बदलू. आम्ही सायकल ह्याच पद्धतीने शिकवली, पॅडल काढून टाकून आधी नुसता तोल, मग पॅडल. घरी वेगळं सामान लागत नाही, कणीक मळायला द्या, कपडे पिळायला, चिमटे लावायला, मटार सोलायला. आणि सकाळी शाळेच्या घाईत शिकवायचं नाही, रविवारी शिकवायचं. नाड्यांचे बूट नको असतील तर वेलक्रो घ्या बिनधास्त. हॅरी पॉटर झालेल्या डॅनियल रॅडक्लिफलाही डिस्प्रॅक्सिया आहे, नाडी बांधताना अडचण येते हे त्याच्या बाबतीतही जाहीर झालंय, त्याचं काय अडलं.

शाळेत भांडायला जाऊ नका पण नुसतं समजून घ्या असंही म्हणू नका, कारण समजून घेणं म्हणजे काय करायचं ते बाईंना कळत नाही. नेमकं मागा. फळ्यावरचं उतरवण्याऐवजी फोटो किंवा झेरॉक्स, अक्षरासाठी मार्क कापू नयेत, गृहपाठ कमी ओळींचा, पीटीत टीम निवडताना ह्याला शेवटी उभं ठेवू नये. एका शाळेने आम्हाला सरळ सांगितलं होतं की असं एकाला दिलं तर सगळे मागतील. आम्ही शाळा बदलली, सगळ्यांना ते शक्य नसतं हे मला माहितीये, म्हणून जे बोलणं होईल ते ईमेलवर किंवा अर्जावर पोच घेऊन करा. सरकारी शाळेत असाल तर गटसाधन केंद्रात (शिक्षण खात्याचं तालुक्याचं केंद्र) समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना गाठा.

आता सर्टिफिकेट. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटीच्या व्याख्येत डिस्लेक्सिया, डिसग्राफिया (लिहिण्याची अडचण), डिसकॅल्क्युलिया (गणिताची अडचण) यांच्यासोबत डिस्प्रॅक्सिया हा शब्द लिहिलेला आहे, छापून जवळ ठेवा, कामाला येतो. पण अडचण अशी की तपासणीचा भर आयक्यू आणि वाचन, लेखन, गणित ह्यावर असतो, त्यामुळे आमच्यासारखं छान वाचणारं पण हात न चालणारं मूल कागदावर बरं दिसतं आणि सर्टिफिकेटातून निसटतं. म्हणून जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. थेरपिस्टचा रिपोर्ट, लिहायला किती वेळ लागतो त्याची नोंद, जुन्या वह्या, अर्धवट राहिलेल्या उत्तरपत्रिका, सगळं घेऊन जा. मुंबईत सायन आणि नायरला लर्निंग डिसॅबिलिटीचं क्लिनिक आहे. सगळीकडेच नंबर लागायला वेळ जातो म्हणून दहावीच्या वर्षी धावाधाव नको, आठवीतच अर्ज करा. चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, तेही धरून चाला.

बोर्डाच्या सवलती शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातात. तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहिणारा) मिळतो. पण लेखनिक मिळाला की सुटलो असं नसतं. तोंडाने सांगून उत्तर लिहून घेणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे, आमचा सुरुवातीला एवढा भराभर बोलायचा की लिहिणारी पोर रडकुंडीला यायची, मग घरी सराव केला, एक वाक्य सांग, थांब, तिचं पेन उचललेलं बघ, मग पुढचं. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणजे त्याला ते सूत्र माहीत नसतं, वर्गमूळाचं चिन्ह कुठपर्यंत ओढायचं तेही सांगावं लागतं. आकृत्यांचं काय करायचं ते शाळेकडून आधीच लेखी घ्या. आणि ठरलेला लेखनिक आयत्या वेळी आजारी पडू शकतो, दुसऱ्याचंही नाव देऊन ठेवा.